केसभर आणि वीतभर

अकरा फेब्रुवारीच्या टिपणावर मी सही केली नाही, याचा राग माझ्या वरच्या अधिकाऱ्यांना, नानासाहेबांना, पुढे कितीतरी दिवस होता. असो बापडा. मी केली असती तर माझ्या बापाचं वर्कशॉप उठलं असतं, आणि त्या वर्षातला सगळ्यात मोलाचा कागद रद्दीत गेला असता. दोन्ही गोष्टी एका सहीनं झाल्या असत्या, म्हणून ती सही माझ्याकडून कुणालाही मिळाली नाही.

साल अठ्ठावन्न. जगभरच्या शास्त्रज्ञांनी मिळून दीड वर्षं पृथ्वी आणि आकाश मोजायला काढलं होतं, आणि त्यासाठी ठिकठिकाणी तात्पुरती केंद्रं उघडली होती. त्यातलं एक भोसरीत, आमच्या वर्कशॉपच्या शेजारच्या माळावर आलं. एक छोटी कचेरी, एक कागद धुवायची अंधारी खोली, आणि एक बिनखिडक्यांची दगडी खोली, तिच्या आत दोऱ्याला टांगलेलं बोटभर चुंबक, चुंबकाला चिकटवलेला आरसा. आरशावरून उजेडाचा ठिपका हळूहळू फिरणाऱ्या फोटोच्या कागदावर पडायचा आणि दिवसभराची एक रेघ उमटायची. चुंबक हललं की रेघ हलली. आम्ही सगळे त्याला सुईच म्हणायचो.

सकाळी सहाला कालचा कागद काढायचा, नवा लावायचा, कालचा धुऊन वाळवायचा आणि रेघ कुठं किती चढली-उतरली ते भिंगातून मोजून वहीत लिहायचं, हे माझं काम. मी, नजमुन्निसा, वय बावीस, मॅट्रिकला गणितात पहिली. ही नोकरी मला दयेनं मिळाली नव्हती. नोकरीच्या परीक्षेला चार पुरुष बसले होते, त्यांची रेघांची मापं माझ्याइतकी जुळली नाहीत, एवढंच.

सुईच्या खोलीचा नियम एकच आणि कडक होता. लोखंड आत न्यायचं नाही. किल्ल्या, चाकू, पट्ट्याचं बक्कल, केसांतले आकडे, पदराची पिन, सगळं बाहेरच्या लाकडी पेटीत ठेवायचं. मी वेणी लोकरीच्या दोऱ्यानं बांधायची. माझ्या चपलांतले खिळे अब्बांनी उपटून टाकले आणि तळवे वादीनं शिवून दिले. खोली बांधली तेव्हा ठेकेदारानं दाराला पितळी म्हणून पिवळा रंग दिलेल्या लोखंडी बिजागऱ्या ठोकल्या होत्या. त्या पकडल्या कुणी? नानासाहेबांनी नव्हे. अब्बांनी, दोऱ्याला लोहचुंबकाचा तुकडा बांधून. मग त्यांनीच आपल्या हातानं पितळी बसवून दिल्या. म्हणजे त्या खोलीतलं शेवटचं लोखंड माझ्या बापानं बाहेर काढलं होतं, आणि लोखंड आणल्याचा आळ आला तोही त्यांच्यावरच.

अब्बांना सगळी भोसरी चांदभाई म्हणायची. ट्रकच्या स्प्रिंगचे तुटलेले पाटे तापवून, ठोकून, बाक देऊन पुन्हा बसवायचं त्यांचं काम. वर्कशॉप म्हणजे काय, एक पत्र्याची शेड, एक भाता, आणि पुढच्या कडुलिंबाखाली ट्रक उभा करायची जागा. कडुलिंबापासून सुईची खोली पंचावन्न पावलांवर. वर्कशॉप आधीचं, खोली नंतरची. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं सगळे असं बोलायला लागले की जणू आम्हीच सुईच्या अंगावर जाऊन बसलो होतो.

त्या मंगळवारी, अकरा तारखेला, सकाळी सहाला मी कागद लावला आणि चहाला वर्कशॉपमध्ये आले. अब्बांनी लष्करी भंगारातून आणून दुरुस्त केलेला रेडिओ भात्याशेजारी ठेवलेला असायचा आणि त्यावर सिलोनची गाणी लागायची. सातला चार-पाच मिनिटं कमी असताना गाणं बुडालं आणि नुसती खरखर सुरू झाली. अब्बांनी खोक्यावर दोन थापा मारल्या, शिवी हासडली. मग पिंपरीकडच्या कारखान्याचा सातचा भोंगा झाला, आणि पाठोपाठ ज्योतीरामचा विटांचा ट्रक मागचा पाटा तुटल्यानं कण्हत कडुलिंबाखाली येऊन उभा राहिला.

केंद्राचा पहारेकरी चिमाजी रस्त्यानं येणारं-जाणारं प्रत्येक मोठं लोखंड एका वहीत टिपायचा, तसा त्याला हुकूम होता. त्याच्याजवळ घड्याळ नव्हतं. सगळी भोसरीच तेव्हा भोंग्यावर चालायची. कामं, जेवणं, पोरांच्या शाळा. त्यानं लिहिलं, ‘सातचा भोंगा, ज्योतीरामचा ट्रक.’

दुसऱ्या दिवशी मी कागद धुवायला घेतला. अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली रेघ वर यायला लागली आणि माझे हातच थांबले. साताच्या सुमाराला रेघ दचकून वर उडाली होती, मग खाली खाली घसरत गेली होती, वीतभर. आणि नुसती घसरली नव्हती, दिवसभर थरथरत होती. मी तसं कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगते, भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त आनंद झाला.

नानासाहेबांना आनंद झाला नाही. ते केंद्राचे अधिकारी, पुण्याहून रोज सायकलनं येणारे, स्वच्छ धोतर, स्वच्छ अक्षर. माणूस वाईट नव्हता, पण घाबरट होता. मागच्या महिन्यात एक कागद उजेड लागून खराब झाला होता आणि वरच्या कचेरीनं त्यांना चांगलंच झापलं होतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं त्यांचं झालं होतं. त्यांनी रेघ पाहिली, चिमाजीची वही मागवली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवली.

“हे बघा,” ते म्हणाले. “सातला ट्रक आला. सातला रेघ बिघडली. आज पहाटे ट्रक गेला, रेघ परत वर यायला लागली. आणखी काय पुरावा हवा?”

“साहेब, रेघ भोंग्याच्या आधी उडालीय. चार मिनिटं आधी.”

“चिमाजीचा भोंगा तुमच्या घड्याळाला बांधलेला नाही. चार मिनिटं इकडे-तिकडे होणारच.”

“आणि ही थरथर? ट्रकची मागची चाकं काढून तो ओंडक्यांवर ठेवला होता. दिवसभर जागचा हलला नाही. उभा ट्रक थरथरतो का?”

“तुमच्या वडिलांचे घण चालू असतील.”

घण! मंगळवारी अब्बांनी घण उचलला तो दुपारनंतर, ही गोष्ट मी सांगितली. त्यावर नानासाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “नजमुन्निसाबाई, तुम्ही त्यांची मुलगी आहात. तुमचा शब्द कोण धरणार?”

मला असा संताप आला की कानशिलं तापली. पण मी ओरडले नाही. म्हटलं, “माझा धरू नका. सुईचा धरा.”

त्यांनी टिपण लिहिलं. ‘अकरा तारखेची नोंद शेजारील वर्कशॉपमधील लोखंडामुळे दूषित, रद्द समजावी. वर्कशॉप हलवण्याबाबत कार्यवाही व्हावी.’ केंद्राचा नियम असा की कागदाबरोबर जाणाऱ्या प्रत्येक टिपणावर दोन सह्या हव्यात, एक अधिकाऱ्याची आणि एक ज्यानं कागद लावला त्याची. त्यांनी सही केली आणि टाक माझ्यापुढे धरला.

मी टाक घेतला आणि दौतीत परत ठेवला.

“मी उद्या दुसरा माणूस आणू शकतो,” ते म्हणाले.

“आणा. तो उद्याच्या कागदावर सही करेल. अकराचा कागद माझ्या हातानं लागलाय, त्यावर त्याची सही चालत नाही. नियम तुमचाच आहे.”

टिपण गेलं नाही, टेबलावर वजनाखाली राहिलं. पण गावात बातमी जायला वजन लागत नाही. चिमाजीनं अब्बांना सांगितलं, आणि संध्याकाळी मी घरी पोचले तर अब्बा भात्यापुढे नुसतेच बसले होते.

“माज्या आज्यानं हितं भाता लावला,” ते म्हणाले. “तवा ह्या माळावर कुत्रं बी येत नव्हतं. आन् आता सुईला आमचं लोखंड टोचतंय व्हय?”

“टोचत नाही, अब्बा. मी दाखवीन.”

“तू काय दाखवनार? सायेब म्हनल ती पूर्व दिशा.”

“साहेब चुकलेत. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेत.”

“मग चोर कोन?”

मी वर बोट केलं. अब्बांनी पत्र्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा थोडे हसले.

मला वर बोट करायला शिकवलं ते नानासाहेबांनीच. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी मला पाटीवर पृथ्वी काढून समजावलं होतं. उत्तरेकडच्या देशांत आकाशात हिरव्या-लाल झोतांचा ध्रुवप्रकाश दिसतो. तिथं साठ-सत्तर मैलांवरच्या विरळ हवेतून वीज वाहते, नदीसारखी. तिचा शोध घ्यायचा तर तीन साक्षीदार. पहिला डोळा. त्याला उजेड दिसतो, पण ढग आले, दिवस उजाडला, की तो आंधळा. दुसरं रडार. ते रेडिओच्या लहरी फेकतं. वर विजेच्या जोरानं हवा जिथं खवळलेली असते तिथून त्या परततात. त्याला ना ढगाची अडचण ना दिवसाची, पण ते एका ठरावीक कोनातूनच ऐकू शकतं. तिसरी सुई. ती जमिनीवर बसून सांगते की वर वीज केवढी वाहतेय आणि कुठल्या दिशेनं.

“तिघांची साक्ष तंतोतंत जुळत नाही,” नानासाहेब तेव्हा म्हणाले होते. “उजेड एकीकडे, रडारचा प्रतिसाद जरा बाजूला. म्हणून तर तिघं लागतात. एकाच्या साक्षीवर निकाल द्यायचा नाही, बाई.” आणि मोठं वादळ आलं तर? तर पृथ्वीभोवती फार उंचावर विजेचं एक कडंच तयार होतं, आणि ते आपल्याकडची सुईसुद्धा ओढतं. आपल्या आकाशात उजेडाचा टिपूस दिसत नसला तरी.

किती सुंदर समजावलं होतं त्यांनी! मला त्या दिवशी ते फार मोठे वाटले होते. आणि आता तोच माणूस चिमाजीच्या भोंग्यावर निकाल देऊन मोकळा झाला होता. मला राग जास्त कशाचा आला ते सांगू? त्यांना येत नव्हतं असं नाही, येत होतं, आणि तरी त्यांनी वर पाहिलं नाही. शेजारी चांदभाई सापडला, मग आकाशापर्यंत जायचे कष्ट कोण घेतो?

शुक्रवारच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या. अमेरिकेत रात्रीचं आकाश लाल झालं होतं, लोक आग लागली म्हणून धावले होते, रेडिओ-तारायंत्रांचा खोळंबा झाला होता. तिथं रात्र तेव्हा आपल्याकडे सकाळ. मी ते पान नानासाहेबांच्या टेबलावर टिपणाशेजारी ठेवलं आणि मंगळवारी सकाळी आमच्या रेडिओची खरखर झाली तेही सांगितलं.

“अमेरिका कुठं, भोसरी कुठं,” ते म्हणाले. पण पान त्यांनी बाजूला सारलं नाही.

“तीन साक्षीदार तुम्हीच शिकवलेत. लाल आकाश लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. रेडिओ मी कानांनी ऐकला. सुईनं वीतभर रेघ ओढली. आणि तुम्ही फाशी देताय ज्योतीरामच्या ट्रकला.”

“ट्रकनं काहीच होत नाही, असं छातीवर हात ठेवून सांगू शकता?”

“नाही. पण हातच्या काकणाला आरसा कशाला? तोच ट्रक तिथंच पुन्हा उभा करा. तुम्ही घड्याळ घेऊन कडुलिंबाखाली थांबा. सुई काय म्हणते ते बघू.”

“केंद्र म्हणजे तमाशाचा फड नव्हे.”

“मग माझी सही नाही.”

ते उठून कचेरीच्या खिडकीशी गेले. खिडकीतून वर्कशॉपचा पत्रा दिसत होता. शेवटी म्हणाले, “शनिवारी. दहा, अकरा, बारा. प्रत्येक वेळी पंधरा मिनिटं. आणि तुम्ही कडुलिंबाकडे फिरकायचं नाही.”

शनिवारी आकाश निवळलं होतं, सुई शांत. ज्योतीराम विटा भरूनच ट्रक घेऊन आला, कारण नानासाहेबांची अट होती की मंगळवारी होतं तेवढंच ओझं हवं. विटांचा सुईशी काय संबंध, पण मी म्हटलं, असू द्या, नंतर बोलायला जागा नको. दहाच्या ठोक्याला ट्रक कडुलिंबाखाली. सव्वादहाला पार कासारवाडीच्या रस्त्याला. अकराला परत, बाराला परत. अर्धं गाव गोळा झालं. चिमाजीला प्रथमच कुणीतरी घड्याळ दिलं होतं, आणि तो ते कानाला लावून उभा होता. अब्बा शेडच्या दारात हाताची घडी घालून उभे राहिले.

एक वाजता मी कागद काढला. अंधाऱ्या खोलीत नानासाहेब माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. दाराबाहेर अब्बा होते, त्यांच्या खाकरण्याचा आवाज येत होता. कागद पाण्यात सोडला. लाल दिव्याखाली रेघ हळूहळू काळी होत गेली. सरळ. दोरी ओढल्यासारखी सरळ. मी श्वास सोडला.

कागद वाळल्यावर कचेरीच्या उजेडात नेला आणि भिंग लावलं.

दहाला रेघ किंचित वर सरकली होती आणि सव्वादहाला परत बसली होती. अकरालाही. बारालाही. नुसत्या डोळ्याला काही दिसलं नसतं. नानासाहेबांचे डोळे कमजोर, भिंग माझ्या हातात. मी “काही नाही” म्हटलं असतं तर तिथंच सगळं मिटलं असतं. बापाचं वर्कशॉप वाचलं असतं, टिपण फाटलं असतं. आणि मला माहीत होतं की आता मी ते म्हटलं, तर नानासाहेबांत आणि माझ्यात काही फरक उरणार नाही. त्यांनी भीतीपोटी वाकडं लिहिलं, मी मायेपोटी लिहीन.

“हललीय,” मी म्हणाले.

“काय?”

“ट्रकनं रेघ हललीय. तिन्ही वेळा. पाव मिलिमीटर. लिहा.”

नानासाहेबांनी भिंग घेतलं. वाकून पाहिलं, कितीतरी वेळ पाहिलं. मग माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी अजून ती विसरले नाही.

“आता हा घ्या,” मी मंगळवारचा कागद शेजारी पसरला आणि पट्टी त्यांच्या हातात दिली. “हा तुम्ही मोजा. मी मुलगी आहे ना त्यांची.”

त्यांनी मोजलं. पुन्हा मोजलं. “दोनशे,” ते म्हणाले. “दोनशे मिलिमीटर.”

“आणि ट्रकनं रेघ वर जाते. मंगळवारी ती क्षणभर उडाली, आणि ट्रक उभा असताना दिवसभर खालीच गेलीय.”

त्यांनी वजनाखालचं टिपण काढलं, त्याचे चार तुकडे केले आणि नव्या कागदावर त्या स्वच्छ अक्षरात लिहायला बसले. ‘ट्रकचा परिणाम पाव मिलिमीटर, दिशा वर. अकरा तारखेची घसरण दोनशे मिलिमीटर, दिशा खाली. कारण आकाशातील विद्युतप्रवाह. नोंद ग्राह्य.’ खाली सही केली. मी माझी केली, पूर्ण नाव, नजमुन्निसा चांदभाई, जरा मोठ्या अक्षरात.

पण सरकारी माणूस तो सरकारी माणूसच. टाक पुसता पुसता ते म्हणाले, “तरीही लोखंड सुईला जाणवतं हे सिद्ध झालंच. थोडं का होईना. नियमाप्रमाणे वर्कशॉपबद्दल वर कळवावं लागेल.”

मी तोंड उघडणार तोच अब्बा दारातून आत आले. चपला बाहेर, खिशातली किल्ली लाकडी पेटीत टाकून. नियम त्यांना पाठ होता. माझ्याकडे पाहून विचारलं, “तू लिवलंस, आपल्या ट्रकनं हललं म्हनून?”

“व्हय, अब्बा.”

मला वाटलं, आता चिडतील. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, राखेनं भरलेला, आणि नानासाहेबांकडे वळले.

“सायेब, आमच्या ट्रकनं किती हललं?”

“अगदी थोडं. केसभर.”

“आन् मंगळवारी?”

नानासाहेबांनी कागदाकडे पाहिलं. “वीतभर.”

“मग असं करा. केसभर माजं हाय, ते मी कबूल करतो. आजपासनं ट्रक कडुलिंबाखाली न्हाई, हिरीच्या पल्याड उभा ऱ्हाईल. शेड हितंच ऱ्हानार, भाता हितंच ऱ्हानार, आन् मी बी हितंच ऱ्हानार.” ते जायला वळले आणि दारातून मागं न बघता म्हणाले, “ऱ्हायलेल्या वीतभराची नोटीस आभाळाला धाडा.”